सावळ्या त्वचेसाठी कोणता लेझर? केस कमी करायला जाण्याआधी हे समजून घ्या

सावळ्या आणि गडद त्वचेवर लेझरने केस चांगले कमी करता येतात, आणि डाग न पडता करता येतात. मात्र गोऱ्या त्वचेवर जे मशीन सगळ्यात झटपट काम करतं, तेच आपल्या त्वचेला भाजू शकतं. जाहिरातीत याबद्दल काही नसतं. 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' एवढं एक वाक्य, खाली पॅकेजचा दर आणि वर गुळगुळीत पायांचा फोटो. पैसे भरण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे स्पष्ट नाही म्हणायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं सांगायलाच हवं की अंगावर केस असणं हा दोष नाही. स्थळं बघायला सुरुवात झाली म्हणून घरच्यांनी मागे लावलं असेल आणि तुम्हाला स्वतःला केसांचं काही वाटत नसेल, तर हे सगळं सोडून द्या. वॅक्सिंगने सतत पुळ्या येतात, केस कातडीत आत वळतात, हनुवटीवरच्या राठ केसांनी जीव नकोसा होतो किंवा तुम्हाला मनापासून करून घ्यायचं आहे, तर पुढे वाचा.

पहिली पायरी: आपल्या त्वचेचा प्रकार

१९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने त्वचा उन्हात कशी वागते यावरून एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात आज सहा प्रकार धरतात. पहिला प्रकार उन्हात फक्त लालबुंद होतो, कधी काळवंडत नाही. सहावा अतिशय गडद, उन्हाने सहसा भाजतच नाही. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात, थोडी तिसऱ्यात, थोडी सहाव्यात. उन्हात आधी जरा लाल होऊन मग काळवंडत असाल तर तिसरा, लाल क्वचितच होता पण रापता पटकन, तर चौथा. लाल होणं माहीतच नसेल तर पाचवा किंवा सहावा.

चेहरा किंवा मनगट बघून हे ठरवू नका. दंडाची आतली बाजू बघा, पोट बघा, म्हणजे मूळ रंग कळेल. 'गव्हाळ', 'निमगोरी' हे शब्द लग्नाच्या बायोडेटापुरते ठीक आहेत, लेझर लावताना त्यांचा उपयोग नाही. निमगोऱ्या म्हणवणाऱ्या कितीतरी जणी या मोजपट्टीवर चौथ्या प्रकारात बसतात, आणि तिसऱ्या-चौथ्यातल्या फरकाने मशीन बदलतं.

दुसरं म्हणजे सगळं अंग एका रंगाचं नसतं. काखा, जांघा, मानेची मागची बाजू, गुडघे ही जागा उरलेल्या शरीरापेक्षा गडद असते. वजन जास्त असेल किंवा पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा दिसू शकते. तिला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकान्स म्हणतात आणि ती बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. पायांवर चाललेली सेटिंग तशीच काखेत वापरली तर काख भाजते. आपल्याकडे काखा भाजल्याच्या तक्रारी ऐकू येतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. रोज दुचाकीवर ऑफिसला जाणाऱ्या मुलीचे हातही तसेच. कोपराखालचा रापलेला भाग आणि बाहीखालचा दंड या लेझरच्या दृष्टीने दोन वेगळ्या त्वचा आहेत.

लेझर नेमकं काय करतो

रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे सगळं उभं आहे. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ दिला, तर जे आपलं लक्ष्य आहे तेवढंच तापतं आणि शेजारची त्वचा वाचते. केसांच्या बाबतीत लक्ष्य आहे मेलॅनिन, केसाला काळा रंग देणारं द्रव्य. ते तापलं की उष्णता मुळाशी पोचते आणि नवा केस तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसतं, म्हणून कुठलाही लेझर त्याला काही करू शकत नाही. सोनेरी लव आणि लालसर केसांवरही फारसा परिणाम होत नाही.

आपली अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर असतं. प्रकाश मुळापर्यंत पोचण्याआधीच वरच्या थरात शोषला गेला तर त्वचा तापते. मग फोड येतात, खपल्या धरतात, आणि आपल्या त्वचेच्या स्वभावाप्रमाणे जिथे इजा झाली तिथे काळा डाग राहतो. कधी उलट पांढरट डागही पडतो आणि तो जायला जास्त वेळ लागतो.

यातून वाट काढायला तीन गोष्टी हाताशी असतात. तरंगलांबी वाढवली की मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश खोलवर जातो. पल्सचा, म्हणजे प्रकाशाच्या एका झोताचा, कालावधी वाढवला की वरच्या पातळ थराला ती उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळतो. हा थर काही मिलिसेकंदांत निवतो, जाड केसाच्या मुळाला मात्र दहापट वेळ लागतो, आणि त्याच फरकाचा इथे फायदा घेतला जातो. तिसरी गोष्ट गारवा: मशीनचं थंड टोक, थंड हवेचा झोत किंवा गार फवारा. यातलं एक जरी चुकलं तरी मशीनचं नाव कितीही मोठं असो, त्वचा भाजते.

आता एकेक लेझर

*अलेक्झांड्राइट, ७५५ नॅनोमीटर.* मेलॅनिन याला खूप चांगलं शोषतं, म्हणून गोऱ्या त्वचेवरच्या काळ्या केसांसाठी हा फार उपयोगी आहे. बारीक केसांवरही चालतो, सेशन पटकन होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण तिथे पुष्कळ ठिकाणी मुख्य मशीन हेच असतं आणि चालवणाऱ्या व्यक्तीने गडद त्वचा कमी हाताळलेली असू शकते. तिसऱ्या प्रकारात, न रापलेल्या त्वचेवर, अनुभवी हातात याचा विचार होऊ शकतो. चौथ्यात मी टाळायला सांगेन. पाचव्या-सहाव्यात नकोच.

*डायोड, साधारण ८०० ते ८१० नॅनोमीटर.* भारतात सगळ्यात जास्त दिसणारं मशीन हेच. तिसऱ्या-चौथ्या प्रकारात लांब पल्स आणि चांगला गारवा असेल तर हे उत्तम चालतं, आणि पाय, हात, काखा अशा ठिकाणच्या राठ केसांवर परिणामही छान दिसतो. पाचव्या प्रकारातही ते वापरलं जातं, पण तिथे ऊर्जा कमी आणि पल्स लांब ठेवावी लागते, आणि ते करणारा माणूस जाणता लागतो. डायोडची एक पद्धत अशी की कमी ऊर्जेचे पुष्कळ शॉट भराभर देत हँडपीस, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, सतत फिरवत राहायचा, म्हणजे उष्णता हळूहळू साठत जाते. हिला बरेच जण एसएचआर म्हणतात. दुखतं कमी, आणि एका जागी एकदम जास्त ऊर्जा पडत नसल्याने गडद त्वचेला ही पद्धत मानवते. पण हँडपीस फिरवायचा कंटाळा केला, एकाच जागी रेंगाळला, तर तिथेही भाजतं.

*लाँग पल्स एनडी-यॅग, १०६४ नॅनोमीटर.* पाचव्या आणि सहाव्या प्रकारासाठी आजही सगळ्यात सुरक्षित पर्याय हाच, आणि चौथ्या प्रकारातही शंका आली तर इकडेच वळावं. या तरंगलांबीला त्वचेतलं मेलॅनिन बरंच कमी शोषतं आणि प्रकाश खोल जातो. गडद त्वचेसाठी पल्स बहुतेकदा २० ते ३० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठेवतात. याची किंमतही मोजावी लागते. मेलॅनिन कमी शोषतं म्हणजे केसही कमी शोषतो. त्यामुळे ऊर्जा जास्त द्यावी लागते, दुखतं जास्त, सेशन थोडी जास्त लागतात, आणि बारीक मऊ लवेवर हा जवळजवळ निरुपयोगी. राठ, काळ्या, दाट केसांवर मात्र निर्धास्त वापरता येतो. पुरुषांच्या दाढीत, विशेषतः गळ्यावर, केस आत वळून होणाऱ्या गाठी आणि पुळ्यांसाठी गडद त्वचेवर याच लेझरचा आधार घेतात. ट्रान्स स्त्रियांनाही चेहऱ्यावरच्या दाट दाढीसाठी याचाच चांगला उपयोग होतो, फक्त सेशन जास्त धरून चालावं.

इथे एक फसगत होते. 'आमच्याकडे यॅग आहे' असं सांगून काही ठिकाणी क्यू-स्विच्ड एनडी-यॅग दाखवतात. टॅटू, पिगमेंटेशन आणि 'कार्बन पील'साठी असतो तो. तरंगलांबी तीच १०६४, पण पल्स नॅनोसेकंदांची, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची. केसाचं मूळ तापायला तेवढा वेळ पुरतच नाही. केस तात्पुरते गळतात आणि परत येतात. म्हणून विचारताना 'लाँग पल्स' हे दोन शब्द आवर्जून वापरा.

*तीन तरंगलांब्यांचं एकत्र मशीन.* ७५५, ८१० आणि १०६४ एकाच हँडपीसमध्ये, अशी जाहिरात आता जागोजागी आहे. यातली बहुतेक मशीन मुळात डायोड आहेत. तिन्ही तरंगलांब्यांचे डायोड एकत्र बसवलेले असतात. याला 'अलेक्झांड्राइट अधिक एनडी-यॅग' म्हणणं दिशाभूल करणारं आहे. मशीन वाईट असतं असं नाही, नावाजलेल्या कंपन्यांची चांगली चालतात. पण त्यातला ७५५ चा भाग तुमच्या त्वचेवरही पडणार आहे, तेव्हा गडद त्वचेसाठी कोणती सेटिंग वापरणार हे विचारायलाच हवं. कंपनीचं नाव, मूळ देश आणि मशीनची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, हेही विचारा. विचारायला लाजू नका.

*आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट.* मुळात हा लेझरच नव्हे. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश फिल्टर लावून सोडतात. त्यातला कमी तरंगलांबीचा भाग गडद त्वचेवरच शोषला जातो. पाचव्या-सहाव्या प्रकारात नको. घरी वापरायची मिळतात ती बहुतेक उपकरणं याच जातीची. चांगल्या उपकरणात त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर असतो आणि त्वचा गडद वाटली की ते चालूच होत नाही. सेन्सर चुकवायच्या युक्त्या कुणी सांगितल्या तर ऐकू नका, तो तुमच्याच भल्यासाठी आहे.

म्हणजे थोडक्यात: तिसरा प्रकार असेल तर डायोड, चौथ्यात डायोड किंवा एनडी-यॅग, पाचव्यात एनडी-यॅग आणि फार जाणता हात असेल तरच डायोड, सहाव्यात फक्त एनडी-यॅग. त्वचा रापलेली असेल तर स्वतःला एक प्रकार पुढे धरा, आणि त्याहून बरं म्हणजे रापणं उतरेपर्यंत थांबा.

चेहऱ्याचा विचार वेगळा

लेझरच्या बाबतीत आपल्या बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चेहऱ्यावर. गालांवरची, कानाशेजारची, जबड्याच्या कडेची बारीक लव घालवायला लेझर केला की कधीकधी तिथे उलट जास्त, काळे आणि जाड केस उगवतात. याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात, आणि गडद त्वचेच्या, पीसीओएस असलेल्या तरुण स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर हे जास्त दिसतं. कमी ऊर्जा मुळाला मारण्याऐवजी जागं करते, असा एक अंदाज आहे. पुरुषांमध्ये खांद्यावर, पाठीवर आणि दंडावर असं होतं. माझं मत ठाम आहे: गालावरची मऊ लव लेझरने काढू नका. हनुवटी आणि गळ्यावरच्या राठ केसांसाठी करा, कपाळ आणि गालाच्या लवेसाठी नाही. 'फुल फेस' पॅकेज स्वस्त पडतं म्हणून घेण्यात शहाणपण नाही.

आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर लेझरआधी रक्ततपासणी. पाळी अनियमित आहे, वजन वाढतंय, पुळ्या येताहेत, डोक्यावरचे केस विरळ होताहेत, अशी लक्षणं सोबत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) गाठा. हार्मोन्सचं कारण तसंच राहिलं तर लेझरने आजचे केस जातील आणि नवे येत राहतील. केस फार झपाट्याने वाढले, आवाज घोगरा होऊ लागला, तर अजिबात वाट बघू नका.

आणखी एक कारण आपल्याकडे घरोघरी सापडतं, ते म्हणजे गोरं करणारी म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची क्रीम. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही रोज चेहऱ्यावर लावलं तर त्वचा पातळ होते, लाल होते, आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. अशा त्वचेवर लेझर लावणं धोक्याचं. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, ती कशी बंद करायची ते विचारा, आणि त्वचा सावरेपर्यंत थांबा.

क्लिनिक निवडताना

महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा आणि पडताळा. त्वचारोगाची पदवी म्हणजे एमडी किंवा डीएनबी, नाहीतर डिप्लोमा, म्हणजे डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावतं, ती त्वचारोगतज्ज्ञाची पदवी नव्हे. लेझर प्रत्यक्ष टेक्निशियन चालवत असेल तर हरकत नाही, पण तुमची त्वचा तपासणारा, सेटिंग ठरवणारा आणि काही बिघडलं तर त्याच वेळी त्या इमारतीत हजर असणारा डॉक्टर हवा. फोनवर असून चालत नाही.

पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- मशीन कोणतं, तरंगलांबी किती, लाँग पल्स आहे का?
- माझी त्वचा कोणत्या प्रकारात धरलीत? काखेसाठी आणि पायासाठी सेटिंग वेगळी असेल का?
- गारवा कशाने देता?
- टेस्ट पॅच करता का आणि निकाल किती दिवसांनी बघता?
- दर वेळची सेटिंग कार्डावर लिहून मिळेल का?

शेवटच्या प्रश्नावर 'आमच्या सिस्टीममध्ये असतं' असं उत्तर येतं. तरी लिहून मागा. उद्या शाखा बदलली, गाव बदललं, माणूस बदलला, तर त्या कार्डावरूनच पुढच्याला कळेल की तुमच्या त्वचेला काय मानवलं. ऊर्जेचा आकडा एका मशीनवरून दुसऱ्यावर जशाचा तसा नेता येत नाही, म्हणून मशीनचं नाव, स्पॉटचा (एका शॉटमध्ये प्रकाश पडतो त्या ठिपक्याचा) आकार आणि पल्स हे सगळं त्याच्या सोबत हवं.

पैशांचं म्हणाल तर पहिल्याच भेटीत वर्षभराचं, सगळ्या अंगाचं पॅकेज घेऊ नका. एक भाग घ्या, दोन-तीन सेशन करा, त्वचा कशी वागते ते बघा. 'आजच भरलं तर निम्म्यात' हा आग्रह होत असेल तर उठून या. पावत्या, संमतीपत्राची प्रत आणि आधीचे फोटो जपून ठेवा. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे हेच कामाला येतात.

टेस्ट पॅच

गडद त्वचेसाठी ही पायरी गाळायची नाही. ज्या भागावर लेझर करायचा त्याच भागाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात काही शॉट देऊन बघतात. काखेचा निकाल हनुवटीला लागू होत नाही. भाजलं असेल तर एक-दोन दिवसांत कळतं, पण काळा डाग उमटायला दोन आठवडेही लागू शकतात. म्हणून सकाळी टेस्ट आणि दुपारी पूर्ण सेशन, याला काही अर्थ नाही. निदान दोन आठवडे थांबा.

तयारी

निदान चार आठवडे आधी वॅक्सिंग, थ्रेडिंग, प्लकिंग, एपिलेटर सगळं बंद. लेझरला मुळात केस लागतो. तोच उपटून टाकला तर प्रकाश शोषायला काही उरत नाही. मधल्या काळात रेझर चालतो. रेझरने केस जाड होतात ही समजूत चुकीची आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, इतकंच. ब्लीचही बंद, कारण त्याने केसाचा रंगच जातो.

सेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी भाग स्वच्छ रेझर करून जा. वर राहिलेला केस जळतो आणि खालची त्वचा भाजतो. चार ते सहा आठवडे ऊन टाळा, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज लावा. लग्नसराईत मेंदीचं लक्षात ठेवा: मेंदी हातापायावर असताना तिथे लेझर नाही, पूर्ण उतरू द्या. अंगावर गोंदण किंवा टॅटू असेल तर त्यावरून लेझर जाता कामा नये, शाईतला रंग तापून मोठा फोड येतो. तीळ आणि चामखीळही झाकून घ्या. भाग आखायला काळं-निळं पेन वापरत असतील तर थांबवा, गडद शाईही प्रकाश शोषते. पांढरी पेन्सिल वापरतात.

औषधं सगळी सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखी ऊन बाधवणारी गोळी, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, रेटिनॉलची क्रीम, सगळं. ओठांवर वरचेवर नागीणसदृश पुळ्या, म्हणजे हर्पीस, येत असतील तर तिथल्या लेझरने ते उफाळू शकतं, डॉक्टर आधी गोळी सुरू करतात. कोड, सोरायसिस किंवा जखम झाली की वाढून गाठ होण्याची प्रवृत्ती असेल तर लेझर करायचा की नाही हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचाच. गरोदरपणात पुढे ढकला.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल विशेष काळजी घ्या. दोन्ही पायांना जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं, हे अनेक जणी घरून करून जातात. अमेरिकेत लेझरआधी असंच करणाऱ्या दोन तरुणींचा मृत्यू झाला आणि २००७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रण संस्थेने, इशारा दिला. अशा क्रीममधलं बधिर करणारं औषध, म्हणजे लिडोकेन, त्वचेतून रक्तात जातं, हृदय आणि मेंदूवर परिणाम करतं. लावायचीच तर छोट्या भागावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, क्लिनिकमध्येच. आणि एक गोष्ट: वेदना ही आपली सूचना असते, ती पूर्ण बधिर केली तर भाजतंय हे कळणारच नाही.

सेशनच्या दिवशी

तुमच्या आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा हवा. हे लेझर डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत, दिसतो तो बहुधा दिशा दाखवणारा ठिपका, आणि प्रकाश थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत लेझर कधीही नाही.

शॉट पडताना चटका बसतो आणि लगेच ओसरतो, हे अपेक्षित आहे. थोड्या वेळाने केसांच्या मुळाभोवती अंगावर काटा आल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. गडद त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हे उंचवटे बघायचे. वेदना ओसरण्याऐवजी साठत गेली, त्वचा राखाडी किंवा पांढरट झाली, कातडी जळल्याचा वास आला, तर तिथेच थांबवायला सांगा. 'एवढंच राहिलंय' म्हणून सहन करू नका. केस जळल्याचा थोडा वास मात्र येतोच.

नंतर

थंड कापड, साधं मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे. एक-दोन दिवस जिम, गरम पाण्याची अंघोळ, पोहणं, घासणं आणि काखेत डिओ नको. जळलेले केस पुढच्या एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळतात. ते नवे उगवत आहेत असं समजून उपटू नका. सनस्क्रीन चालूच ठेवा. डोळ्याला दिसणारा साधा प्रकाशही आपल्या त्वचेला काळवंडवतो, म्हणून चेहऱ्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, फिकट रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी.

फोड आलाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. फोड फोडू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हँडपीसच्या आकाराचे चौकोन किंवा पट्टे उमटले असतील तर सेटिंग किंवा गारव्यात चूक झाली असण्याची शक्यता मोठी. पुढचं सेशन त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत नाही. राहिलेला काळा डाग बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फिकट होत जातो. घाईने मेडिकलमधून डागाची क्रीम आणू नका, त्यातल्या अनेकींत तेच स्टेरॉइड असतं.

किती सेशन, किती दिवसांनी

एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि लेझर त्याच अवस्थेतल्या केसांवर चालतो. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी, अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांनी, साधारण सहा ते आठ सेशन. एनडी-यॅगला किंवा हार्मोन्सची तक्रार असल्यास त्याहून जास्त. लग्नाआधी करायचं असेल तर वर्षभर हाताशी ठेवून सुरू करा, शेवटच्या महिन्यात काहीही नवं नको. तीन-चार सेशननंतरही केसांत काहीच फरक नसेल तर पुढचे पैसे भरण्याआधी सेटिंग, मशीन आणि रक्ततपासणी, तिन्हींचा फेरविचार करायला लावा.

'कायमचे केस गेले' असं कुणी लिहून देऊ शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही लेझरसाठी 'कायमस्वरूपी घट' हाच शब्द मान्य केला आहे. केस बरेच कमी होतात, उरलेले बारीक होतात, आणि वर्षातून एखाद-दुसरं सेशन लागू शकतं. पांढऱ्या किंवा लेझरला दाद न देणाऱ्या मोजक्या राठ केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. त्यात एकेका मुळात बारीक सुई घालून वीज देतात. वेळ फार लागतो, पण त्याला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नसतं. हनुवटीवर आठ-दहाच केस असतील तर लेझरच्या पॅकेजआधी इलेक्ट्रोलिसिस करणारं कुणी जवळपास आहे का, ते विचारून बघा.